विचारा तर खरं : आफ्रिकेवरची कॉन्फरन्स आणि कोल्हापूरकरांचे प्रश्न

मागच्या अंकात दोन ओळी छापल्या होत्या, की कोल्हापुरातल्या वेगवेगळ्या कॉलेजची मुलंमुली मिळून आफ्रिकेतला बिझनेस आणि कल्चर यावर दोन दिवसांची कॉन्फरन्स करायच्या तयारीत आहेत, सगळं मुलंच बघणार आहेत, कुणाला काही विचारायचं असेल तर लिहा. पत्रं आणि मेल एवढे आले की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. माझी नोकरीची बरीच वर्षं मोम्बासा आणि नैरोबीत एक्स्पोर्टची कागदपत्रं करण्यात गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा आहे आणि उत्तरं जरा लांबलीत.

प्रश्न : सर, आम्ही एमबीए, कॉमर्स आणि इंजिनीअरिंगचे मिळून पंधरा-सोळा जण आहोत. थीमवरनं वाद चाललाय. एक ग्रुप म्हणतो 'भारत आणि आफ्रिका : संधी आणि आव्हाने' असं भारदस्त नाव ठेवूया, दुसरा म्हणतो फॅशन शो, डान्स आणि फूड स्टॉल केले की गर्दी होते. आमच्यासोबत आफ्रिकेतले तीन विद्यार्थी आहेत, ते व्हॉलंटिअर म्हणून मदत करणार आहेत. सुरुवात कुठून करू?
– एमबीएची विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : सुरुवात त्या तिघांपासून कर. ते व्हॉलंटिअर का? कॉन्फरन्स त्यांच्या खंडावर आहे आणि ते खुर्च्या लावणार, पाण्याच्या बाटल्या वाटणार, हे मला अजिबात पटत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूल, व्हार्टन, ऑक्सफर्ड, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, या सगळीकडं आफ्रिकेवरच्या अशा कॉन्फरन्स मुलंच चालवतात, आणि त्यात पुढं असतात ती आफ्रिकेतून शिकायला आलेली किंवा मुळात तिकडची असलेली मुलं. स्पीकर कोण, पॅनेल कशावर, प्रश्न कुठले हे तीच ठरवतात, म्हणून तिथं मंत्री, बँकर, स्टार्टअपवाले, सिनेमावाले स्वतःहून येतात. तुमच्या कमिटीचे दोन अध्यक्ष करा, एक कोल्हापूरचा आणि एक त्या तिघांतला, आणि थीमवर पहिलं त्यांना बोलू दे.

आता नावाचं. 'आफ्रिका' म्हणून एकच गठ्ठा बांधला तर दोन दिवसात काहीच हाताला लागणार नाही. ५४ देश आहेत. नायजेरियात दिवसाला साडेसहा लाख बॅरल तेल शुद्ध करायच्या क्षमतेची उद्योगपती दांगोटेंची रिफायनरी उभी राहिली आणि २०२४ मधे तिचं उत्पादन सुरू झालं. रवांडा एवढासा डोंगराळ देश, तिथं २०१६ पासून दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या ड्रोनने पोचतात. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, इथिओपियाची कॉफी वेगळी, बोत्स्वानाचे हिरे वेगळे. भाषा वेगळ्या, चलनं वेगळी, कायदे वेगळे. यांना एका पॅनेलवर बसवून 'आफ्रिकेतील संधी' विचारलं तर प्रत्येकाला जेमतेम पाच मिनिटं मिळणार आणि सगळे गुळमुळीतच बोलणार.

त्यापेक्षा आपल्या जिल्ह्याचा ज्यांच्याशी आधीपासून व्यवहार आहे असे विषय घ्या. आजरा-चंदगडच्या काजू कारखान्यांत पश्चिम आफ्रिकेतली बी फुटते. आपल्या बाजारातल्या तूरडाळीत मोझांबिक, मालावी, टांझानियाची तूर असते. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत तयार झालेले पॅनमन (पॅनवर साखर शिजवणारे), फिटर, केमिस्ट युगांडा, केनिया, इथिओपियातल्या कारखान्यांत काम करून आलेत. हे तीन विषय घेतले तरी एक दिवस भरतो, आणि ऐकायला येणाऱ्या माणसाला वाटतं की हे आपलंच चाललंय.

एक सेशन मात्र सगळ्या खंडावर ठेवा, ते म्हणजे आफ्रिकेच्या मुक्त व्यापार कराराचं. २१ मार्च २०१८ ला रवांडाच्या किगालीत सह्या झाल्या, ३० मे २०१९ ला करार लागू झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला, सचिवालय घानाच्या आक्रा शहरात आहे. एरिट्रिया सोडून सगळ्यांनी सही केलीय. आजवर तिकडं एका देशातनं शेजारच्या देशात माल न्यायचा तर जकात, वेगवेगळी स्टँडर्ड्स, बॉर्डरवर ट्रकांची रांग, आणि तोच माल युरोपातनं किंवा चीनमधनं आला की स्वस्त पडायचा, अशी स्थिती होती. ती हळूहळू बदलतेय, अजून पुष्कळ अडलंय, पण ज्याला तिकडं पुढची वीस वर्षं धंदा करायचाय त्याला हे कळायलाच पाहिजे.

आणि डान्स, फॅशन, जेवण नको असं मी म्हणत नाही, पण कल्चर बिझनेसपासून तोडू नका. नॉलिवूडचंच बघा, म्हणजे नायजेरियातल्या सिनेमाच्या धंद्याचं. लागोसच्या बाजारातले कॅसेट विकणारे व्यापारी, त्यांनीच नव्वदच्या दशकात स्वतःचे पैसे घालून व्हिडिओवर सिनेमे काढले, थिएटरच्या मागं न लागता कॅसेट थेट घरोघरी विकल्या, आणि त्यातनं एवढी मोठी इंडस्ट्री उभी राहिली. ज्या कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली त्या गावात हे ऐकायला माणसं येणार नाहीत असं मला तरी वाटत नाही. आपल्याकडं स्टुडिओ होते, कलाकार होते, तरी धंदा पुण्या-मुंबईला गेला, तिकडं स्टुडिओ नसताना धंदा उभा राहिला, यावर आपल्या फिल्मवाल्यांना आणि एखाद्या नायजेरियन विद्यार्थ्याला एकत्र बसवा, हॉल पुरणार नाही.

प्रश्न : पोरं माझ्याकडं स्पॉन्सरशिप मागायला आली होती. मी सरळ नाही म्हटलं. आफ्रिकेच्या काजूमुळं आमच्या भागातल्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही, सीझनला बोंबाबोंब असते, आणि त्याच आफ्रिकेच्या कार्यक्रमाला मी पैसे देऊ? माझं काय चुकलं सांगा.
– काजू प्रक्रिया उद्योजक, आजरा

उत्तर : दादा, तुमचा राग खोटा नाही. बाहेरची बी बंदरावर उतरली की आजऱ्याच्या शेतकऱ्याच्या बीचा भाव दबतो, हे कुणी नाकारू नये. पण तुमच्या कारखान्याचा वर्षाचा हिशोबही बघूया. आपली बी मार्च ते मे. ती संपल्यावर कटिंग टेबलवर हाताला तेल लावून बसणाऱ्या बायकांना काम कशावर देणार? टरफलाचं तेल कातडी सोलून काढतं तरी त्या बायका तुमच्याकडं वर्षभर टिकतात, कारण काम वर्षभर असतं. आणि ते असतं कारण टांझानिया-मोझांबिकची बी ऑक्टोबर ते जानेवारीत निघते, आयव्हरी कोस्ट, बेनिन, घानाची फेब्रुवारी ते जून. आयव्हरी कोस्ट आज कच्च्या काजूत जगात एक नंबर आहे.

खरी गोष्ट पुढंय, आणि म्हणूनच तुम्ही या कॉन्फरन्सला यावं असं मला वाटतं. ही बी कायम येत राहील असं धरून चालू नका. बेनिनने २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली, आपल्याच देशात फोडा आणि गर विका म्हणून, त्यासाठी ग्लो-जिग्बेला औद्योगिक वसाहत उभी केलीय. आयव्हरी कोस्टही दरवर्षी स्वतःकडं जास्त बी फोडायला लागलंय. त्यांचं चूक काय आहे? कच्चा माल द्यायचा आणि पक्का माल दुसऱ्याने विकायचा, हे दुखणं आपल्या ऊस-कापसाच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण तुमच्यासारख्याला याचा अर्थ असा की पाच-दहा वर्षांत बी कुठनं आणायची, का तिकडंच कुणाच्या भागीदारीत युनिट टाकायचं, का आपल्या मशिनरीचा आणि कारागिरीचा धंदा करायचा, हे आताच ठरवायला लागणार. ते इंटरनेटवर वाचून ठरत नाही, तिकडच्या माणसाशी बोलूनच ठरतं.

अजून एक. टांझानियात शेतकऱ्याची बी सहकारी सोसायटी गोळा करते, गोडाऊनला ठेवून पावती मिळते, आणि मग लिलावात विकली जाते. आपल्या जिल्ह्याचं सगळं आयुष्य सहकारावर चाललंय, गोकुळपासून साखर कारखान्यापर्यंत, तरी काजूचा शेतकरी मात्र पोतं डोक्यावर घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभा असतो आणि तो म्हणेल तो भाव घेतो. टांझानियाच्या पद्धतीत भानगडी नाहीत असं नाही, पैसे उशिरा मिळतात म्हणून तिथलेही शेतकरी ओरडतात, पण चंदगड-आजऱ्याच्या शेतकऱ्यांनी ती एकदा ऐकावी एवढी नक्कीच आहे.

पैसे द्यायचे नसतील तर देऊ नका. मुलांना एक टेबल मागा आणि तिथं सगळ्यांसमोर कटिंग टेस्ट करून दाखवा. किलोभर बी मोजून घ्यायची, किती नग आले ते लिहायचं, एकेक बी उभी चिरायची, चांगला गर, डागी गर, किडका आणि पोकळ वेगळा काढायचा, वजन करायचं, आणि त्यावरनं ८० किलोच्या पोत्यात किती पौंड गर निघेल ते काढायचं. एका ताटात आजऱ्याची बी, एका ताटात घानाची. आमच्या बीची चव वेगळी म्हणून तुम्ही नेहमी सांगता ना, मग ती लोकांना तिथंच खायला द्या. एमबीएच्या मुलांना आंतरराष्ट्रीय व्यापार त्या अर्ध्या तासात जेवढा कळेल तेवढा वर्षभराच्या लेक्चरमधे कळायचा नाही.

प्रश्न : मी मालावीहून आलेला एमएस्सी ॲग्रीचा विद्यार्थी आहे. मराठी समजतं, लिहिता येत नाही, रूममेट लिहून देतोय. कॉलेजचा कुठलाही कार्यक्रम असला की मला झेंडा धरायला आणि नाचायला बोलावतात. मला नाचता येत नाही. मला शेतीमालाच्या व्यापारावर बोलायचंय, पण सांगायचं कसं कळत नाही, लोक प्रेमाने बोलावतात, त्यांना वाईट वाटेल.
– कोल्हापूर

उत्तर : बाळा, लोकांना वाईट वाटणार नाही, आणि वाटलं तरी थोडं वाटू दे. सरळ सांग की मी नाचत नाही, मला पंधरा मिनिटं माइक द्या. आणि त्या पंधरा मिनिटांत तुरीवर बोल.

वाचकांसाठी सांगतो, हा मुलगा ज्या भागातनं आलाय तिथली तूर आपण खातो. भारताने २०१६ मधे मोझांबिकशी तुरीचा करार केला, तूर लावा, आम्ही घेऊ असा. शेजारच्या मालावीत आणि टांझानियातही शेतकरी आपल्याच बाजाराकडं बघून तूर लावतात. मग २०१७ मधे आपल्याकडं तूर उदंड पिकली, भाव पडले, आणि ऑगस्टमधे दिल्लीने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते करणं भाग होतं. पण तिकडं कापणी तोंडावर आलेली, दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि भाव धाडकन कोसळले. आजऱ्याच्या दादांची चिठ्ठी आणि ही, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. तिकडच्या काजूने इथला शेतकरी दबतो, इथल्या निर्णयाने तिकडचा तूरवाला झोपतो. या दोघांना एका स्टेजवर बसवणं हे माझ्या मते या कॉन्फरन्सचं सगळ्यात मोठं काम आहे, बाकीचं झालं नाही तरी चालेल.

तू मात्र भाषण पाठ करून येऊ नकोस. तुमच्याकडं तूर मक्यात आंतरपीक म्हणून लावतात तिथपासून सुरू कर, आपले शेतकरी सोयाबीनमधे लावतात, त्यांना लगेच जवळचं वाटेल. मग गावातल्या व्यापाऱ्याकडनं ब्लँटायरला, तिथनं रेल्वेने नाहीतर ट्रकने मोझांबिकमधल्या नकाला नाहीतर बैरा या बंदरांत, कारण मालावीला समुद्रच नाही, आणि मग जहाजाने मुंबईला. प्रत्येक ठिकाणी किती पैसे कापले जातात ते सांग. एवढं सांगितलंस की लोक प्रश्न विचारतील, आणि त्यानंतर कुणी झेंडा हातात देणार नाही.

प्रश्न : आमची फाउंड्री आहे, कास्टिंग आणि मशिनिंग करतो. नायजेरियातनं मेल येतात, मोठी ऑर्डर आहे, आधी रजिस्ट्रेशन फी भरा म्हणतात. खरं असतं का? आणि कॉन्फरन्सला आलो तर ऑर्डर मिळेल का?
– शिरोली एमआयडीसी

उत्तर : आधी फी भरा म्हणणारा मेल सरळ डिलीट करा. असली फसवणूक जगात कुठूनही होते, ती नायजेरियाची ओळख समजू नका. लागोसचा खरा व्यापारी तुमच्याकडं फी मागत नाही, तो भाव पाडून मागतो.

ऑर्डर कॉन्फरन्समधे मिळत नसते. तिथं कळतं की काय विकलं जातं. पूर्व आफ्रिकेत गावोगाव मका दळायच्या गिरण्या आहेत, पोशो मिल म्हणतात, कारण मक्याच्या पिठाचा उगाली हे रोजचं जेवण. त्या गिरणीचे हॅमर, चाळण्या, बेअरिंग हाउसिंग, पुल्या झिजतात, आणि लोकांना ते लगेच पाहिजे असतात, गिरणी बंद म्हणजे गावाचं पीठ बंद. ज्या उद्यमनगरने एकेकाळी देशभर ऑईल इंजिनं पाठवली त्याला हे अवघड आहे का? दुसरं, युगांडा-केनियातल्या बोडाबोडा, म्हणजे प्रवासी नेणाऱ्या मोटरसायकली, त्यांत आपली बजाज बॉक्सर ढिगाने दिसते. त्या गाडीवर दोन माणसं, पाठीमागं केळ्यांचा घड नाहीतर कोंबड्यांचं खुराडं, रस्ता मातीचा, दिवसभर फिरती. स्प्रॉकेट, ब्रेक ड्रम, हब किती लागत असतील तुम्हीच बघा. कॉन्फरन्सला येताना कॅटलॉग आणू नका, एक नग हातात घेऊन या आणि तिकडच्या मुलांना विचारा, हे तुझ्या गावात कोण विकतं, कितीला विकतं, आणि किती दिवस टिकतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. केनिया-टांझानियाला माल जायच्या आधी इथंच तपासून कन्फर्मिटी सर्टिफिकेट घ्यायला लागतं, नायजेरियाला त्यांचं सॉनकॅप नावाचं सर्टिफिकेट लागतं, हे नसलं की माल बंदरात अडकतो आणि डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड, तुमच्या डोक्यावर बसतं. पहिल्या ऑर्डरला ॲडव्हान्स नाहीतर चांगल्या बँकेचं कन्फर्म्ड एलसी, म्हणजे पैशाची बँकेने घेतलेली हमी, त्याशिवाय माल हलवू नका. ईसीजीसीचा विमा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्धचा विमा, घ्या, सरकारी कंपनी आहे, १९५७ पासून हेच काम करते, आणि समोरच्या खरेदीदाराची पत तपासायलाही तिचा उपयोग होतो. शेवटचं म्हणजे डॉलर. पार्टी प्रामाणिक असते, तिच्या खात्यात नायराही (नायजेरियाचं चलन) असतात, पण देशात डॉलरचा तुटवडा असला की पेमेंट महिनोन् महिने लटकतं. २०२३ च्या जूनमधे नायजेरियाने नायरा बाजारावर सोडला तेव्हा तो झपाट्याने घसरला आणि ठरलेले कितीतरी सौदे मोडले. समोरच्याला चोर समजायच्या आधी त्याच्या देशातली परिस्थिती बघत जा.

प्रश्न : माझ्या घरी टांझानियाच्या दोन मुली भाड्याने राहतात. गुणी आहेत, वेळेवर भाडं देतात. पण गल्लीतले काहीबाही बोलतात. कॉन्फरन्सला त्यांचे पाहुणे येणार आहेत, दोन दिवस माझ्याकडंच ठेवा म्हणतात. ठेवू का? पोलिसांचं काही लागतं का? आणि जेवायला काय करू?
– शाहूपुरीतल्या काकू

उत्तर : काकू, ठेवा. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायचं असतं, त्याला सगळे सी फॉर्म म्हणतात, पासपोर्ट आणि व्हिसाची माहिती भरायची एवढंच. मुलींना ते माहीत असणार, नाहीतर एसपी ऑफिसच्या परकीय नागरिक कक्षात विचारा. तुमच्याकडच्या दोघींचं रजिस्ट्रेशन झालंय ना तेवढं बघून घ्या, सहा महिन्यांपेक्षा जास्तीच्या व्हिसावर आलेल्यांना आल्यापासून १४ दिवसांत ते करायला लागतं.

गल्लीतल्यांचं मी काय सांगू, मला या गोष्टीचा मनापासून त्रास होतो. नैरोबीत माझा घरमालक तिथल्या किकुयू समाजाचा होता, मी आजारी पडलो तेव्हा त्याच्या बायकोने तांदळाची पेज करून आणून दिली, कुणाला तरी विचारून, की इंडियन माणसं आजारपणात काय खातात. आपल्या गावात पोरी चार वर्षं शिकतात आणि त्यांना घर मिळत नाही, मिळालं तर जादा भाडं, जिन्यात भेटलं तर लोक बाजूला सरकतात, असलं मी ऐकतो तेव्हा मला शाहू महाराजांच्या गावात राहतो हे सांगायला संकोच वाटतो. ज्या राजाने जातीजातीच्या मुलांसाठी बोर्डिंग काढली, बाहेरनं शिकायला आलेल्या पोराला या शहरात डोक्यावर छप्पर मिळालं पाहिजे म्हणून धडपडला, त्याच्या शहरात हे? तुम्ही त्या दोघींना घेऊन एकदा गल्लीतल्या हळदीकुंकवाला जा. बाकी काही बोलायला लागणार नाही.

जेवणाची काळजी करू नका. त्यांच्या किनारपट्टीला नारळाच्या दुधातला भात करतात, चपाती, समोसा, पुलाव हे सगळं त्यांच्याकडं रोजचं आहे, शेकडो वर्षांच्या गलबतांच्या व्यापारातनं तिकडं रुजलंय. तांबडा जरा बेताने वाढा, पांढरा रस्सा मात्र हवा तेवढा, तो त्यांना नक्की आवडणार. मटण चालतं का आणि हलाल लागतं का तेवढं आधी विचारा.

प्रश्न : मी इतिहासाची विद्यार्थिनी. कल्चरच्या सेशनला सिद्दी जौहर आणि पन्हाळ्याचा वेढा हा विषय सुचवला तर कमिटीतला एकजण म्हणाला, तो तर शत्रू, पाहुण्यांसमोर कशाला?
– कसबा बावडा

उत्तर : पाहुण्यांसमोर तर मुद्दाम काढ. १६६० साली मार्चपासून महिनोन् महिने पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला आदिलशाहीचा सरदार मूळ आफ्रिकी वंशाचा होता हे आपल्याकडं शाळेतलं पोरगंही जाणतं, पण त्याचा विचार कुणी करत नाही. समुद्रापलीकडनं गुलाम म्हणून आणलेल्या माणसांतनं इथं सेनापती, सुभेदार, राज्य चालवणारे झाले. मलिक अंबर इथिओपियातला, लहानपणी विकला गेलेला, तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांना वर्षानुवर्षं दख्खनमधे अडवलं, १६१० मधे खडकी शहर वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद, आणि तिथं जमिनीखालनं नहरीने पाणी आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. आणि पन्हाळ्याच्या वेळी सिद्दी एकाच बाजूला नव्हते, सिद्दी हिलाल शिवरायांच्या फौजेत होता, वेढा फोडायला तो आपल्या मुलाला घेऊन गेला आणि त्यात त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. हे सांग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बसने पन्हाळ्यावर ने, तीन दरवाजा बघू दे, पावनखिंडीची वाट दाखव.

चित्त्यांचंही सांग. कोल्हापूर दरबारात शिकारीचे चित्ते पाळायचे, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतनं आणले गेले. २०२२ मधे कुनोला नामिबियाचे चित्ते आले तेव्हा देशभर टीव्हीवर चाललं होतं, पण आफ्रिकेचा चित्ता त्याच्या कितीतरी आधी या गावाने पाहिलाय. जुन्या कोल्हापुरात ज्यांच्या घरात या चित्त्यांच्या आठवणी आहेत अशा माणसांना बोलव.

एक सांभाळा. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडचे सिद्दी आपल्यापासून फार लांब नाहीत, त्यांना बोलावलंत तर उत्तम, पण 'आफ्रिकन' म्हणून नको. ते पिढ्यानपिढ्या इथले आहेत, कोकणी-कन्नड बोलतात, मराठीही बोलतात. त्यांना जंगलहक्क, शिक्षण, खेळ यावर बोलायचं असेल तर त्यावर बोलू दे.

प्रश्न : बाहेरून स्पीकर बोलवायचेत, व्हिसाचं आणि पैशाचं काय? ऑनलाइन घेतलं तर चालेल का?
– कमिटीचा खजिनदार

उत्तर : कॉन्फरन्सला परदेशातून येणाऱ्याला कॉन्फरन्स व्हिसा लागतो, टुरिस्ट व्हिसावर बोलावू नका. त्यासाठीची सरकारी परवानगी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षामार्फत मागायची, काही महिने हाताशी ठेवा. यलो फीव्हर असलेल्या देशातनं येणाऱ्याकडं लस घेतल्याचं सर्टिफिकेट पाहिजे, नाहीतर एअरपोर्टवरनंच क्वारंटाइनला जाईल. परदेशातनं थेट देणगी घेऊ नका, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आड येतो. आफ्रिकेतली मुलं स्टुडंट व्हिसावर आहेत, त्यांना कमाईचं काम करता येत नाही, म्हणून फूड स्टॉलचा हिशोब आणि पावत्या संस्थेच्या नावावर ठेवा, पुढं त्यांना त्रास नको.

पहिल्या वर्षी निम्मे स्पीकर ऑनलाइन घ्या. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं, दक्षिण आफ्रिका साडेतीन, नायजेरिया साडेचार, घाना साडेपाच. म्हणजे आपल्या दुपारी तीननंतर सगळे जागे आणि ऑफिसला असतात. इथिओपियाच्या माणसाला वेळ देताना डबल चेक करा, त्यांच्याकडं दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे आपल्या मोजण्याप्रमाणे त्यांच्याकडचे सकाळचे आठ, आणि कॅलेंडरही वेगळं, तेरा महिन्यांचं.

एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरनं पैसे पाठवायच्या केनियाच्या सोयीवर, एक लाइव्ह डेमो मात्र ठेवाच. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने तो मार्च २००७ मधे सुरू केला, आपलं यूपीआय आलं २०१६ ला. साध्या बटणाच्या फोनवरनं, इंटरनेट नसताना, भाजीवाली पैसे घ्यायची. नैरोबीच्या मार्केटमधे मी बघायचो, टोमॅटोच्या ढिगावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेला नंबर, गिऱ्हाईक पैसे पाठवणार, बाईच्या कमरेच्या कापडात खोचलेला फोन वाजणार, ती न बघताच टोमॅटो पिशवीत भरायला सुरुवात करणार. सगळं जग नंतर त्यांच्याकडनं शिकलंय, हे आपल्या फिनटेकवाल्या मुलांना ऐकवा.

प्रश्न : माझा मुलगा साखर कारखान्यात पॅनवर आहे. युगांडातल्या एका कारखान्यात नोकरी लागतेय, एजंट पासपोर्ट मागतोय. पाठवू का? भीती वाटते.
– एक आई, कागल

उत्तर : ताई, काम चांगलं असतं. युगांडात साखर कारखाने जुने आहेत, जिंजाजवळचा काकिरा कारखाना मधवानी या मूळच्या भारतीय कुटुंबाने उभा केला. १९७२ मधे तिथला हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा तो हातचा गेला, पण पुढं मधवानी परत आले आणि कारखाना पुन्हा उभा केला. आपल्या पॅनमनला तिकडं किंमत आहे.

पण एजंटच्या हातात मूळ पासपोर्ट द्यायचा नाही, झेरॉक्स द्या. अपॉइंटमेंट लेटर कारखान्याच्या नावाचं पाहिजे, त्यात पगार कुठल्या चलनात, राहणं-जेवण कुणाचं, वर्षातनं रजा आणि तिकीट किती, आजारी पडला तर खर्च कोण करणार हे लिहिलेलं पाहिजे. जाण्याआधी वर्क परमिटचं काय ते लेखी घ्या, 'व्हिजिटर म्हणून जा, तिथं गेल्यावर करून देतो' म्हणाले तर नको म्हणा. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत. मलेरियाबद्दल डॉक्टरांना विचारून औषध न्यायला सांगा.

आणि त्याला कॉन्फरन्सच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवा, तुम्हीही या. तिकडं काम करून आलेले आपल्याच भागातले दोघं-तिघं साखरेच्या सेशनला बोलवा असं मी मुलांना सांगितलंय. पगार वेळेवर होतो का, क्वार्टर कशी असते, गावी फोन कसा करायचा, हे सगळं त्यांना विचारा. येताना अपॉइंटमेंट लेटरची झेरॉक्स घेऊन या, तिथंच वाचून घेऊ.